धुतलेली नळी

मृणालला गावात कुणी शास्त्रज्ञ-बिस्त्रज्ञ म्हणत न्हाय. "बाळाजीची पोरगी, ती तिकडं मुंबईला जंतू पाळते," असंच म्हणतात. गाव म्हसळ्याच्याही आत. एसटी जिथं वळून परत जाते तिथनं पुढं चढण चढायची, मग घरं. त्यातलं शेवटचं कौलारू घर बाळाजीचं.

बाळाजी श्रीवर्धनच्या बागांत सुपारी उतरवायचा. पायात दोरीचा वेढा घालून एका झाडावर चढला की खाली यायचा न्हाय. शेंड्यावर बसून झाड असं झुलवायचा, की शेजारचं झाड हाताला लागायचं. मग हे सोडून ते धरायचं. सगळी रांग वरच्या वर. सकाळी चढलेला माणूस दुपारी भाकरीलाच जमिनीला पाय लावायचा. मग ते मोठं वादळ आलं आणि अर्ध्या बागा झोपल्या. जी झाडं उभी राहिली ती बाहेरनं धडधाकट दिसायची. त्यातलंच एक आतनं चिरलेलं होतं. बाळाजीनं झुलवलं आणि ते मधनं मोडलं.

जीव वाचला, पण मणका गेला. कमरेखाली काय लागतंय, काय न्हाय, काही कळेना. लघवीचंही कळेना. म्हणून कायमची नळी बसवली आणि नळीच्या टोकाला पिशवी. सिस्टर महिन्याला येऊन नळी बदलून जायच्या. बाळाजी ती पिशवी उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, "ही माझी पर्स. पण हिच्यातलं कुणी चोरत न्हाय."

असा हसायचा. पण मधनं मधनं ताप यायचा, थंडी भरून दात वाजायचे. तेव्हा मृणाल एमएस्सी करत होती. ती सुट्टीत आली तेव्हा एका डॉक्टरांनी तिला सांगितलं, "नळीच्या आतनं जंतूंचा थर धरतो. विहिरीच्या पायरीवर बुळबुळीत धरतं ना, तसा. एकदा का तो थर धरला, की औषध वरच्या वर ओघळून जातं. आतले जंतू सुखात असतात."

ते वाक्य मृणालच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढं तिला नवी मुंबईच्या बाजूला एका संशोधन संस्थेत जागा मिळाली. तिथं हेच काम चालायचं. जंतूंना मारायचं न्हाय, पण त्यांना थर धरू द्यायचा न्हाय. असला रेणू बनवायचा जो निसर्गात कुठंच न्हाय, माणसानंच जोडून तयार केलेला.

गणपतीला घरी आली तेव्हा ती बापाजवळ पडवीत बसून समजावत होती.

"बाबा, एकटा जंतू काय करत न्हाय. नुसता पोहत असतो. पण तो सारखा हाळी देतो. दुसरेपण देतात. हाळ्या वाढल्या की त्यांना कळतं, आता आपण भरपूर जमलो. मग सगळे मिळून घर बांधायला घेतात."

"म्हंजे गावकीसारखं," बाळाजी म्हणाला. "कोरम झाल्याबिगर ठराव न्हाय."

"तसंच!"

"आणि तू काय करतेस?"

"मी त्यांच्या हाळीसारखीच दिसणारी खोटी हाळी बनवते. ती जाऊन त्यांच्या कानात बसते. मग खरी हाळी ऐकूच जात न्हाय."

बाळाजीनं जरा विचार केला. मग आत चुलीजवळ बसलेल्या बायकोला ओरडून म्हणाला, "कोकिळा, ऐकलंस काय? आपली पोरगी औषध न्हाय बनवत. ती मोरू बनवते. मोरू गावकीत बोलायला लागला की कोण कुणाचं ऐकतंय? झाली सभा बरखास्त!"

मोरू म्हणजे बाळाजीचा चुलतभाऊ. तो पायरीवरच बसला होता. "बस बस," मोरू म्हणाला. "माझ्यामुळं तुझ्या नळीचं भलं होत असंल तर बाटलीत भर मला." सगळे हसले. कोकिळा हसली न्हाय. नळीचा विषय असा चारचौघांत काढलेला तिला आवडायचा न्हाय. पदर तोंडाला लावून ती आत वळली.

कोकिळाचं असंच होतं. नवऱ्याला असा ठेवायची की आलेल्या माणसाला घरात आजारी हाय हे वासावरनं कळायचं न्हाय. चादर रोज धुतलेली. पिशवीवर घरी शिवलेली कापडी खोळ. खाली मान घालून राबणारी बाय, पण कुणी म्हणालं, "घर किती स्वच्छ ठेवलंय गो," की मान जरा वर व्हायची.

आता लॅबमधलं ऐका. तिथं जंतू पाळलेलेच असतात, बाटलीत. पण ते कित्येक वर्षं तिथंच वाढलेले, माणसाळलेले. खऱ्या नळीतला जंतू वेगळा असतो. मृणालच्या सरांनी रीतसर परवानग्या काढल्या आणि काही पेशंटच्या काढून टाकलेल्या नळ्या मागवायचं ठरलं. मृणाल म्हणाली, "सर, माझ्या वडिलांची पण घेऊ या."

तिचा भाऊ गणराज. नववीतनं शाळा सोडलेला, मिनीडोर रिक्षा चालवतो, डोकं गरम. त्याला तिनं फोनवर नीट सांगितलं, "गणू, सिस्टरनं नळी काढली की तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालायची. धुवायची न्हाय. बर्फात ठेवून पाठवायची."

"सांगतो आईला," गणराज म्हणाला. आणि सांगितलंही.

गणराज सकाळच्या मुंबई गाडीच्या ड्रायव्हरकडं पिशवी द्यायचा. ओळखीचा ड्रायव्हर, एकच पिशवी घ्यायचा. आणि पोरीला पिशवी पाठवायची तर नुसती नळी कशी पाठवणार? कोकिळा त्यातच हातसडीचे पोहे घालायची, भाजलेल्या काजूबिया घालायची, कधी तांदळाच्या पिठाची पुडी. तळाला बर्फाचा डबा, डब्यात नळी, वर पोहे. गणराज श्रीवर्धनच्या मासळी बाजारातनं बर्फ आणायचा. तो आणला की आई सगळं भरूनच त्याच्या हातात द्यायची. आत उघडून बघायचं त्याच्या डोक्यात कधी आलं न्हाय.

पहिली नळी आली. मृणालनं तिचा तुकडा कापला, आतनं खरवडला, जंतूंच्या खाण्यात टाकला. काय वाढलं न्हाय.

दुसरी आली. तसंच.

ह्या कामात प्लास्टिकची एक ताटली असते, बारीक बारीक खळगे असलेली. खळग्यात जंतू सोडायचे. काही खळग्यांत आपला रेणू घालायचा, काहींत घालायचा न्हाय. मग जांभळा रंग ओतून धुवायचा. जिथं थर धरलाय तिथं जांभळं राहतं, न्हायतर सगळं वाहून जातं. बाळाजीच्या नळीचे सगळेच खळगे पांढरे. रेणू घातलेले पांढरे, न घातलेलेही पांढरे.

तिच्या शेजारच्या टेबलावर प्रज्योत काम करायचा. उरणकडचा आगरी पोरगा, तोंडाला फाटका. तो वाकून बघत म्हणाला, "काय गो मृणाल, तुझ्या पप्पांची नळी तं माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा साफ हाय! आपुन डबा तुझ्या आईकडं पाठवू काय धुवायला?"

मृणाल हसली. तिला आवडलंच ते.

सरांनी मात्र विचारलं, "महिनाभर आत राहिलेली नळी आणि काहीच नाही? घरून नीट येते ना? कुणी पुसलं-धुतलं तर नाही?"

आणि इथं पोरीचं डोकं सटकलं. गावाकडची माणसं म्हणजे अडाणी, सांगितलेलं करणार न्हाईत, असंच समजतात हे लोक. असं तिला वाटलं. सर तसले न्हवते, तरी वाटलं. ती ताठ म्हणाली, "सर, माझ्या घरची माणसं आहेत. सांगितलं तसंच करतात. माझी आई त्यांना फार स्वच्छ ठेवते, म्हणून नसेल."

सरांनी वाद घातला न्हाय. एवढंच म्हणाले, "बरं. पण हा तपासणीचा रिपोर्ट नव्हे, हे घरी सांग. यावरून उपचार ठरवायचे नाहीत."

दुसऱ्या कुणाच्या बापाची नळी असती तर मृणालनं त्याच दिवशी फोन फिरवला असता. कोण काढतं, कशात ठेवतं, कोण हात लावतं, सगळं खोदून विचारलं असतं. इथं विचारलं न्हाय. विचारणं म्हणजे आईवर संशय. आणि खरं सांगायचं तर तिला विचारायचंच नव्हतं. बापाच्या आत काय न्हाय, सगळं पांढरं हाय, हे बघून जिवाला जे बरं वाटत होतं ते तिला मोडायचं नव्हतं.

उलट तिनं घरी फोन केला. "आई, बाबांच्या नळीत जंतू सापडत न्हाईत. सगळे विचारतात, कोण एवढं सांभाळतं म्हणून."

कोकिळा हळूच म्हणाली, "व्हय? तुझे सायब म्हणाले?"

"व्हय गो. सर म्हणाले." सर असं म्हणाले नव्हते. पण पोरगी म्हणाली.

त्यानंतर कोकिळा नळ्यांना अजूनच जपायला लागली.

काम पुढं गेलं. बाळाजीच्या नळ्या बाजूला पडल्या, दुसऱ्या पेशंटच्याही मोजक्याच आल्या. मग लॅबमधल्या पाळीव जंतूवरच सगळं बसवलं. मृणाल कॉम्प्युटरवर रेणू काढायची. इथलं कडं तिथं लाव, शेपटी जरा लांब कर, जरा आखूड कर. मग काचेच्या भांड्यात तो खरा बनवायचा. किती रेणू झाले आणि किती वाया गेले. काही विरघळेनात, काही जंतूंच्या कानात बसेनात. शेवटी एक बसला. ताटलीत एक रांग गडद जांभळी आणि शेजारची, रेणू घातलेली, पाण्यासारखी. प्रज्योतनं अख्ख्या मजल्यावर ओरडून सांगितलं. मृणालनं ताटलीचा फोटो घरी पाठवला. बाळाजीनं तो येईल त्याला दाखवला. "हा बघा माझा मोरू," म्हणायचा.

मग लावणीचे दिवस आले. गणराजचा फोन आला, तो मिनीडोरच्या नाक्यावरनं बोलत होता.

"ताई, बाबांना ताप हाय. जोरात थंडी वाजते. आई लावणीला गेलीय, तिला अजून म्हायती न्हाय. मी म्हणतो, सरळ माणगावला नेऊ. मोठ्या दवाखान्यात."

मृणालच्या हातात तेव्हा काम होतं. ती म्हणाली, "नळीचा न्हाय तो ताप. नळी स्वच्छ हाय त्यांची. पावसाचे दिवस हायत, मलेरिया बघा पहिला. रक्त तपासून घे."

"अगो पण डोळे बघ त्यांचे..."

"गणू, मी सांगते ना. कशाला हलवतोस त्यांना? त्या रस्त्यानं पाठीचं काय हुईल? थांब जरा."

गणराज थांबला. ताई सांगते म्हणजे ताई सांगते. ती शिकलेली. रक्त तपासायला दिलं, आईला एवढंच म्हणाला, रिपोर्ट येऊ दे. त्यात एक दिवस गेला, रिपोर्ट यायला दुसरा. मलेरिया नव्हता. तोवर बाळाजी बडबडायला लागला होता. तो झाडावर होता, आणि झाड झुलव, झाड झुलव म्हणत होता.

माणगावला नेलं. मृणाल तिकडनं धावत आली. डॉक्टरांनी नळी काढून तिला दाखवली. तिला समजेल म्हणून दाखवली. नळी आतनं रव्यासारख्या कणांनी भरून आली होती, लघवी जायला वाटच उरली नव्हती. "हे आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचे वडील वर्षानुवर्षं हा जंतू बाळगून आहेत. आता रक्तात गेलाय."

तिच्या ताटलीत तर सगळं पांढरं होतं.

बाळाजी शुद्धीवर आला न्हाय. गेला.

घरी माणसं जमली. आणि जमली की बोलतातच. मोरू अंगणात गणराजच्या अंगावर गेला, "दारात गाडी उभी तुझी! लोकांची भाडी मारतोस आणि बापाला न्यायला दोन दिस लावलेस? काय करत होतास रे?"

गणराज बोलला न्हाय. एरवी एक शब्द कुणाचा ऐकून न घेणारा पोरगा, मान खाली घालून उभा राहिला. आत भिंतीला टेकून कोकिळा बसली होती. तिनं पोराकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

मृणाल दारातच होती. तिनं सगळं ऐकलं. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. "मी म्हटलं थांब." एवढंच. तिनं उघडलं न्हाय. गणराज तिच्या बाजूनं आत गेला तेव्हा त्यानं तिच्याकडं बघितलंही न्हाय. तिला सुटका देत होता तो, आणि तिनं ती घेतली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मृणाल निघायची तयारी करत होती. कोकिळा फडताळातनं काहीतरी घेऊन आली. पांढऱ्या फडक्यात नीट घडी घातलेलं.

"ही राहिली पाठवायची. शेवटच्या नळीच्या आधीची. लावणीच्या गडबडीत न्हाय जमलं."

मृणालनं फडकं उघडलं. आत नळी. कोरी, दुकानातनं आणल्यासारखी. तिला जंतू मारायच्या पाण्याचा वास आला.

"आई, ही... धुतलीस तू?"

"मग? तशीच पाठवू?" कोकिळा बसली आणि सांगायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज जरा मोकळा झाला. "पहिलं गरम पाणी. मग साबण. आतनं निघत न्हाय गो, चिकट असतंय. म्हणून कोंबडीचं पीस घालून फिरवायची. मग सिस्टरनं दिलेल्या पाण्यात बुडवायची आणि उन्हात टाकायची. गणू म्हणाला होता, ताई म्हणते धुवू नको. पोराला काय कळतंय? पोह्यांच्या पिशवीत मुतानं भरलेली नळी घालू? आणि तुझ्या हापिसात दहा माणसं हात लावणार. तुझ्या बाबांची काय अब्रू राहिली असती?"

मृणाल ऐकत होती. सगळ्या पांढऱ्या ताटल्या तिच्या डोळ्यांपुढं एकेक करून येत होत्या.

कोकिळा थांबली. पोरीचं तोंड वाचता येत होतं तिला. "का गो? नव्हती धुवायची?"

"न्हाय गो आई," मृणाल म्हणाली. "बरं केलंस."

लॅबमध्ये गेल्यावर तिनं सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "नोंद बदलावी लागेल." तिनं बदलली. प्रज्योत त्या दिवशी तिच्या टेबलाकडं फिरकला न्हाय. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मी तं तोंडावर बोललो होतो, आणि मलाच कळलं न्हाय मी काय बोललो." तिथं खरं बोलणं सोपं होतं. घरी आईला काय सांगायचं न्हाय असं तिनं ठरवलं होतं. बिचारीला कशाला. नवरा गेलाय, आता हे डोक्यावर कशाला. असं स्वतःलाच सांगायची. गणराजचं काय, हे मात्र स्वतःला विचारायची न्हाय.

मग दिवाळीच्या आसपास गणराजचा फोन आला.

"ताई, एक सांगायचं होतं. आई हल्ली मनुबाईकडं जाते. खालच्या आळीतल्या. तिच्या नवऱ्याला पण नळी हाय ना, प्रोस्टेटची. आई जाऊन काढलेली नळी धुते, पीस घालून. म्हणते, मृणालला पाठवू, तिच्या कामाला उपयोगी पडतात. काल त्या बाबाला ताप आला तर आई मनुबाईला म्हणाली, नळी स्वच्छ हाय, घाबरू नको, नळीचा ताप न्हाय. माझी पोरगीच सांगते असं."

मृणाल फोनवर एकदम ओरडली.

"गणू, त्यांना आत्ता दवाखान्यात ने. आत्ता. कोण काय म्हणतंय ऐकू नको. माझंपण ऐकू नको."

"नेला," गणराज म्हणाला. "तुला फोन करायच्या आधीच नेला. आता मी विचारत बसत न्हाय कुणाला."

मनुबाईचा नवरा वाचला. औषध घेऊन घरी आला, नळी सिस्टर येऊन बदलणार होत्या. पण मृणालला आता मुंबईत बसून राहता येईना. पहिल्या गाडीनं ती गावाला आली.

कोकिळा पडवीत सुपात तांदूळ पाखडत होती. गणराज खांबाला टेकून उभा. मृणाल आईसमोर जमिनीवर बसली आणि आडवळण न घेता बोलली. धुतली की आत काय होतं ते दिसत न्हाय. दिसलं न्हाय म्हणून मला वाटलं काय न्हाय. बाबांच्या आत सगळं होतं. पहिल्यापासनं होतं. मी त्याच्यावर काम करायला पायजे होतं, मी भलत्याच जंतूवर केलं.

सूप थांबलं.

"म्हंजे माझ्यामुळं," कोकिळा म्हणाली.

"न्हाय. ऐक. ताप आला त्या दिवशी गणू म्हणाला माणगावला नेऊ. मी म्हटलं नको. मी म्हटलं नळी स्वच्छ हाय, थांब. तो माझ्यामुळं थांबला."

कोकिळा पोरीकडं बघत राहिली. मग पोराकडं. चार महिने ती ह्या पोराशी कामापुरतं बोलत होती. भाकरी वाढायची, पण जेवला काय, विचारायची न्हाय.

"तू बोलला न्हाईस?" तिनं विचारलं.

"काय बोलायचं," गणराज म्हणाला. "ताईला परत जायचं होतं कामाला. गावानं तिला नाव ठेवलं असतं तर ती परत आली नसती. माझं काय, मला आधीपासनंच ठेवतात."

"आणि तू गो?" कोकिळा मृणालकडं वळली. "तो मोरू त्याला अंगणात फाडत होता तेव्हा कुठं होतीस?"

"दारात."

"दारात," कोकिळा म्हणाली.

तिनं सूप बाजूला ठेवलं. रडली न्हाय, ओरडली न्हाय. उठली, चप्पल घातली. "चल गणू," म्हणाली. मृणालला म्हणाली न्हाय. मृणाल मागनं गेली.

मनुबाईच्या दारात सिस्टरनं नुकतीच काढलेली नळी एका भांड्यात पडली होती. पाणी तापत होतं. मनुबाई गडबडली, "बसा बसा, एवढी धुवून देते."

"धुवू नको," कोकिळा म्हणाली.

"अगो अशी कशी देऊ? पोरीच्या हातात? तूच तर म्हणालीस..."

"मी चुकीचं म्हणाले."

मृणालनं पिशवीतनं हातमोजे काढून पुढं केले. कोकिळानं ते घेतले न्हाईत. पदर खोचला, नळी आहे तशी हातानं उचलली, तिच्या टोकातनं पिवळं थेंबथेंब गळत होतं, आणि मृणालच्या डब्यात ठेवली. मनुबाईनं तोंड फिरवलं.

"ही तुझ्या बाबांची न्हाय," कोकिळा म्हणाली. "ही नीट बघशील."

मग न्हाणीत जाऊन ती हात धूत बसली.

लॅबमध्ये मृणालनं तो तुकडा लावला. दुसऱ्या दिवशी ताटलीवर जांभळा रंग ओतला आणि धुतला. रेणू न घातलेली रांग गडद जांभळी. रेणू घातलेली रांगही तेवढीच जांभळी. जो रेणू सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता, बाळाजीनं ज्याला मोरू म्हटलं होतं, त्याला ह्या खऱ्या जंतूनं विचारलंच न्हाय. प्रज्योत शेजारी उभा राहिला. "तुझे पप्पा असते तरी त्यांना ह्याचा काय उपयोग नव्हता मग," तो म्हणाला. समजूत घालायला म्हणाला. मृणालनं मान हलवली. उपयोग नव्हता हे खरं. पण ही ताटली बाप असताना बघितली असती तर त्या फोनवर ती "थांब" म्हणाली नसती, हेही तेवढंच खरं.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. गणराजनं उचलला.

"आई हाय?"

"हाय. चुलीपाशी. येणार न्हाय फोनवर." मग आवाज लांब गेला, आणि परत जवळ आला. "ती विचारते, दिसलं काय?"

"दिसलं म्हणून सांग. भरपूर दिसलं."

"औषध लागलं काय, विचारते."

"न्हाय लागलं."

गणराजनं ते आत ओरडून सांगितलं. आत भांडी वाजली. मग लांबनं कोकिळाचा आवाज आला, फोनला न्हाय, पोराला म्हणत होती.

"मग दुसरं कर म्हणावं तिला."